‘पेरुम्पाडु’पासून संकेतांकापर्यंत

चेन्नईच्या एग्मोर भागातील स्त्री व बाल रुग्णालय १८४४ पासूनचे. अशा रुग्णालयात अतिरक्तस्रावाची तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रीच्या व्यथेला सिद्धवैद्यकाच्या तमिळ परिभाषेत ‘पेरुम्पाडु’ हे नाव आहे. मराठी स्त्री ‘अंगावरून फार जाते’ असे म्हणते. दोन्ही उक्ती अनुभव सांगतात, कारण नव्हे. निदानाच्या नोंदीला कारण हवे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणात गर्भाशयाच्या पोकळीतील पॉलिप एन ८४.० आणि ग्रीवेवरील पॉलिप एन ८४.१ या संकेतांकाने ओळखला जातो. (सुश्रुताने योनिगत अर्शांना छत्राकार म्हटले, वर्गीकरणाला आकारापेक्षा स्थान महत्त्वाचे.)

या भाषांतराची खरी कसोटी मधल्या टप्प्यावर लागते. सोनोग्राफीत दिसलेला उंचवटा हा संशयच होय. ऊतिपरीक्षणापूर्वी एन ८४.० लिहिले की शक्यता निश्चितीचे रूप घेते आणि नोंदीचा पुढचा वाचक, मग तो डॉक्टर असो वा विमा अधिकारी, प्रश्न मिटला असे समजतो. वस्तुतः त्याच ऊतीत कर्करोग आढळल्यास संकेतांक सी ५४.१ होतो. म्हणून अहवाल येईतो लक्षणाचीच नोंद, उदाहरणार्थ नियमित पाळीतील अतिस्रावासाठी एन ९२.०, अधिक प्रामाणिक ठरते.

आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र महासंघाने २०११ मध्ये स्वीकारलेली ‘पाम-कोईन’ पद्धती येथे उद्बोधक आहे. तिच्यातील ‘एयूबी-पी’ या संज्ञेत आधी असामान्य रक्तस्राव येतो, पॉलिप नंतर. स्त्रीची तक्रार कारणाच्या नावातून गळत नाही.