खाडीकाठची वीतभर उंची

कोकणातल्या खाडीत ओहोटीला उघडा पडणारा चिखल सपाट दिसतो, पण तो पाण्याकडून जमिनीकडे हळूहळू चढत जातो. वीतभर चढला तरी झाडे बदलतात. कारण पाणी तिथवर महिन्यातून किती वेळा पोहोचते, ते त्या वितीवर ठरते.

मुंबईच्या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती ४.५ मीटरच्या आसपास जाते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, ती साधारण ३.५ मीटरच्या आतूनच परतते. भांगाच्या रेषेखालची जमीन दिवसातून दोनदा बुडते, वरची फक्त उधाणाच्या आगेमागे.

सर्वांत खालच्या चिखलात झाड टिकत नाही. रोपाला मूळ धरायला काही दिवस तरी पाण्याची उसंत लागते, आणि ती तिथे मिळत नाही. बेताच्या उंचीचा शोध न घेता नुसत्या उघड्या चिखलात केलेली कांदळवनाची लागवड वाया जाते ती यामुळेच. थोडे वर चिपी आणि तिवर येतात. काळ्या, कुजकट वासाच्या चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळे बोटांसारखी उभी वर निघतात आणि ओहोटीत श्वास घेतात. खाडीच्या फाट्यांलगत आधारमुळांवर उभा कांदळ दिसतो. जमिनीच्या बाजूला काटेरी मारांडी आणि हुरा. हुऱ्याचा चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून तो तोडणारा जपूनच असतो.

वर जावे तसे मीठ कमी होते, हा समज मात्र फसवा. सर्वाधिक मीठ साचते ते फक्त उधाणाचे पाणी पोहोचते त्या पट्ट्यात. पाणी येते, एप्रिल-मेच्या उन्हात आटते, मीठ मागे राहते. माती पांढरी पडते. खाली उंच वाढणारा तिवर इथे गुडघ्याएवढा खुरटतो. पान चाटले तर जिभेला खारट लागते, कारण नको असलेले मीठ तो पानांतून बाहेर टाकतो. त्याहून उघड्या जागी लालसर, रसाळ मोरस तेवढी तग धरते; तिची भाजीही करतात. उधाणाच्या पाण्यावर चालणारी मिठागरेही अशाच उन्हाच्या भरवशावर उभी असतात. आणखी वर भरती क्वचितच येते, पावसाळा मीठ धुऊन नेतो आणि साधे गवत सुरू होते.

बांध घालून उघाडी, म्हणजे भरतीचे पाणी आत-बाहेर जाण्याची वाट, बंद केली की जमिनीची उंची तीच राहते, भरती तेवढी थांबते. आत पावसाचे गोडे पाणी साचून राहिले, तर मुळे बुडून तिवर वाळतो आणि त्याच पातळीवर पाणकणीस उगवते.