मोटारीला टर्बो बसवावा काय?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला मोटारीचे अप्रूप उरले नसेल, असे परगावच्या माणसाला वाटते. इथल्या कितीतरी घरांतून कोणी ना कोणी कास्टिंग, मशीनिंग किंवा जुळणीच्या कामावर आहे. पण हलवायाच्या मुलाला मिठाई नकोशी होते, तसा प्रकार मोटारीच्या बाबतीत होत नाही. उलट जो दिवसभर दुसऱ्यांच्या मोटारी जोडतो, त्यालाच आपल्या मोटारीत काहीतरी नवे घालावे असे फार वाटते.

असाच एक तरुण गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आला. तो चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. दोन वर्षांच्या बचतीतून त्याने हौसेने एक जुनी सॅन स्टॉर्म घेतली आहे. ही गोव्यात तयार झालेली दोन आसनांची, फायबरग्लासच्या अंगाची, दिसायला मोठी डौलदार मोटार. तिच्यातले रेनो बनावटीचे इंजिन मात्र ११४९ घनसेंटिमीटरचे आणि सुमारे साठ अश्वशक्तीचे. तरुण म्हणाला, "काका, हिला टर्बो बसवतो. गॅरेजवाला तयार आहे. साठाचे नव्वद घोडे होतील म्हणतो. तुमचे मत सांगा." त्याच्याबरोबर त्याचे वडील आले होते. भोसरीत टर्नर म्हणून त्यांचा जन्म गेला. ते स्वस्थ बसून ऐकत होते.

हा प्रश्न एका तरुणाचा असला, तरी त्यात समजून घेण्यासारखे पुष्कळ आहे. म्हणून तो येथे सविस्तर मांडतो.

प्रथम इंजिनाची शक्ती येते कोठून ते पाहू. पेट्रोलमधून, असे आपण सहज म्हणतो. ते खरे, पण अर्धेच. चूल पेटवणाऱ्या बाईला विचारा. ती सांगेल की लाकडे कितीही कोंबली तरी वारा लागल्याशिवाय जाळ होत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. आमच्या तरुणाचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेते, तेव्हा ते मिनिटाला फार तर साडेतीन हजार लिटर हवा ओढू शकते. उन्हाळ्यातल्या इथल्या हवेत तिचे वजन पावणेचार किलोच्या आसपास भरते. तेवढ्या हवेत जळणार जेमतेम पाव किलो पेट्रोल. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? शक्ती वाढवायची तर इंजिनाला हवा अधिक मिळाली पाहिजे.

त्यात आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर राहतो. येथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. म्हणजे तीच मोटार घाट चढून वर आली की तिचे बळ तितक्याच प्रमाणात उतरते.

हवा अधिक देण्याचे दोन मार्ग आहेत. एक, इंजिनच मोठे करणे. दुसरा, त्याच इंजिनात हवा दाबून भरणे. टर्बोचार्जर हे दुसरे काम करतो, आणि मोठ्या खुबीने करतो. पेट्रोलमधल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, तिसरा हिस्सा इंजिन थंड ठेवण्यात जातो आणि तिसरा हिस्सा धुराबरोबर बाहेर पडतो. या बाहेर जाणाऱ्या तप्त धुराच्या वाटेवर एक लहानसे पंख्याचे चाक बसवतात. धूर ते फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक असते. ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते. फुकट जाणाऱ्या धुराकडूनच भाता ओढवून घ्यावा, तसा हा प्रकार आहे. लहान टर्बोचा हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहतो.

ही कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे लिबर्टी इंजिन चौदा हजार फुटांवरच्या पाइक्स पीक या शिखरावर नेऊन चालवून पाहिले. विरळ हवेत २३० अश्वशक्तीपर्यंत घसरलेले इंजिन टर्बो लावताच ३५६ वर गेले. उंचीने हिरावलेले टर्बोने परत मिळवून दिले.

मग नाही का म्हणायचे? येथे निसर्ग आपला हिशेब मांडतो. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक हाताला चटका देते, हा अनुभव सर्वांना आहे. हवा दाबली की तापते, आणि तापली की विरळ होते. पस्तीस अंशांची हवा दीडपट दाबली, तर साध्या टर्बोतून ती नव्वद अंशांच्या घरात तापून निघते. दाब वाढला पन्नास टक्क्यांनी, पण हवेचे वजन वाढले सत्तावीस-अठ्ठावीस टक्क्यांनीच. ही हवा मध्ये एका जाळीतून नेऊन पन्नास अंशांपर्यंत थंड केली, तर वाढ त्रेचाळीस टक्क्यांपर्यंत जाते. या जाळीला इंटरकूलर म्हणतात. म्हणजे टर्बो घेतला की इंटरकूलर आला, आणि त्याला वारा लागेल अशी मोटारीच्या पुढच्या भागात जागाही आली.

याहून मोठी अडचण ठिणगीची. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि योग्य क्षणी ठिणगी पडते. मिश्रण फार तापलेले आणि फार दाबलेले असले, तर ज्योत पोहोचण्याआधीच त्याचा उरलेला भाग आपोआप पेट घेतो. गॅरेजात याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर हातोडीचे घाव बसावेत तसा आवाज येतो, आणि ते घाव खरोखरच असतात. थोडे असले तर इंजिनाची शक्ती खातात, फार असले तर पिस्टनला भोक पाडतात. डिझेलच्या इंजिनात नुसती हवाच दाबली जाते आणि डिझेल नंतर फवारले जाते, म्हणून त्याला ही पीडा नाही. चाकण चौकातून जाणाऱ्या मालट्रकांनी टर्बो केव्हाच आपलासा केला, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

पेट्रोलच्या मोटारीत टर्बो घालणाऱ्यांना पहिला धडा १९६२ मध्ये मिळाला. अमेरिकेत ओल्डस्मोबील जेटफायर ही टर्बोची मोटार विक्रीस आली. नॉकिंग टाळण्यासाठी तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारण्याची सोय होती, आणि त्याची टाकी मालकाने भरत राहायची होती. मालक ती भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की मोटार आपली जादा शक्ती आवरून घेई आणि मालक तक्रार घेऊन येत. दुसऱ्या वर्षानंतर ती मोटार बंद झाली. कल्पना खोटी नव्हती; तिचा भार रोजच्या वापराला पेलला नाही.

आता आपल्या दाराशीच पाहू. चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत फोक्सवॅगन पोलो तयार होत असे. २०२० मध्ये ती एक लिटरच्याच दोन इंजिनांत मिळत होती. टर्बोविना असलेले इंजिन ७६ अश्वशक्तीचे, टर्बोचे ११० चे. पण खरी गंमत पिळाच्या जोरात, म्हणजे टॉर्कमध्ये आहे. पहिल्याचा ९५ न्यूटन-मीटर, दुसऱ्याचा १७५. शक्ती पंचेचाळीस टक्क्यांनी वाढली आणि पीळ जवळजवळ दुपटीच्या वाटेला लागला. भरल्या गाडीने चढ चढताना माणसाला जे सुख वाटते, ते या पिळाचे.

येथे आमचा तरुण म्हणाला, "मग तेच तर मी म्हणतो!" तेच नव्हे. त्या टर्बोच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरच्या पोटात, मोठ्या दाबाने फवारले जाते. ते आत वाफ होताना गारवा देते आणि नॉकिंग लांब ठेवते. हवा थंड करण्याची सोय निराळी, गिअर पाचांऐवजी सहा, आणि ठिणगीची वेळ क्षणोक्षणी बदलणारा संगणक त्या इंजिनासाठीच शिकवलेला. कारखान्याने टर्बो "बसवलेला" नसतो; टर्बोसाठी इंजिन घडवलेले असते. पुण्याजवळच तयार झालेल्या डीसी अवंती या स्पोर्ट्स कारचेही तेच. २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात ती लोकांनी प्रथम पाहिली. तिचे दोन लिटरचे, अडीचशे अश्वशक्तीचे रेनो इंजिन मुळातच टर्बोचे होते.

कारखाने टर्बोकडे वळले, त्याला आणखी एक कारण आहे, ते कराचे. आपल्याकडे लहान पेट्रोल मोटारीवर कमी कर लागतो. पण तिची लांबी चार मीटरांच्या आणि इंजिन १२०० घनसेंटिमीटरांच्या आत असावे लागते. लहान इंजिनाकडून मोठ्याचे काम करून घेणे तेथे व्यवहाराचे ठरते. आमच्या तरुणाच्या जुन्या मोटारीला यातला एकही लाभ नाही.

तेव्हा प्रश्न विचारण्याची रीतच बदलली पाहिजे. "घोडे किती वाढतील?" हा प्रश्न गॅरेजवाल्याचा. मालकाचा प्रश्न असा हवा की, वाढलेले घोडे सोसणार कोण? साठ अश्वशक्तीसाठी घडवलेले पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि हेड गॅस्केट यांना नव्वदीचा दाब सोसावा लागेल. क्लचप्लेटला नवा पीळ धरावा लागेल. रेडिएटरला जादा उष्णता बाहेर टाकावी लागेल, तीही एप्रिलच्या उन्हात, तळेगाव चौकाच्या कोंडीत उभे राहून. आणि तेल, जे आधी इंजिनच सांभाळत होते, त्याला आता तापून लाल होणाऱ्या टर्बोचा दांडाही सांभाळावा लागेल. यातला सर्वांत दुबळा भाग पहिल्याने बोलेल. नाकापेक्षा मोती जड झाला की आधी फाटते ते नाक.

तोपर्यंत गप्प बसलेले वडील येथे प्रथमच बोलले. म्हणाले, "आणि थांबवणार कोण?" आम्ही जे तासभर सांगत होतो, त्याचे सार त्यांनी तीन शब्दांत सांगितले. मोटारीच्या अंगातली गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० ऐवजी १०० ने जाणारी मोटार थांबवताना ब्रेकला दीडपटीहून अधिक ऊर्जा पचवावी लागते. टर्बो वेग देतो. थांबण्याचे काम मात्र जुन्याच ब्रेकवर आणि जुन्याच टायरवर सोपवतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरही मोटारीची मर्यादा ताशी १०० आणि घाटात ६० आहे. तेव्हा हा जादा वेग वापरायचा तरी कोठे?

कायद्याची बाजूही दुर्लक्षण्यासारखी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत उतरलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कोणी विचारील की, मग सीएनजीचा संच कसा बसवता येतो? कारण त्या संचाची आधी चाचणी होऊन त्याला मान्यता मिळालेली असते आणि बदलाची नोंद परिवहन कार्यालयात होते. गल्लीतल्या टर्बोला ती चाचणी नाही. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर भरपाईचा दावा अडतो. आणि अपघातात दुसऱ्याचा जीव गेला असेल, तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही.

मग टर्बो बसवूच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. बंदिस्त धावपट्टीवर शर्यतीसाठीच मोटार ठेवायची असेल, इंजिन उघडून पिस्टनपासून बांधणी करण्याची तयारी असेल, आधी ब्रेक आणि रेडिएटर बदलले असतील, आणि इंजिन निकामी झाले तर ते सोसण्याची ऐपत असेल, तर ती एक विद्याच आहे. माणूस तीतून पुष्कळ शिकतो. पण रोज कामावर जाण्याच्या मोटारीला, बचतीच्या पैशांतून, कोणाच्या भरवशावर हे करू नये.

ज्यांच्या मोटारीत कारखान्यातूनच टर्बो आला आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. सांगितलेले तेल, सांगितल्या वेळी बदला. सकाळी मोटार सुरू करताच जोर देऊ नका. तेल वर पोहोचू द्या. घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. मिनिटभर शांत चालू द्या. नाहीतर थांबलेले तेल तप्त दांड्याभोवती जळून कोळसा होते.

आमच्या तरुणाने पुढे काय केले, ते सांगून हे संपवतो. त्याने आधी इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासून घेतले. एक सिलिंडर इतरांपेक्षा दुबळा निघाला. म्हणजे साठ घोड्यांतलेच काही घोडे केव्हाचे तबेल्यात बसून होते! झडपा घासून घेतल्या, रेडिएटर साफ केला, टायर आणि ब्रेक पॅड नवे घातले. टर्बोसाठी ठेवलेल्या पैशांतले बरेच उरले. परवा तो वडिलांना शेजारी बसवून लोणावळ्याला जाऊन आला. मोटार कशी चालली, असे आम्ही त्याला विचारले. उत्तर वडिलांनीच दिले, "जिथे थांबवली तिथे थांबली."