रविवारनंतरची उपासना

नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक हिंगोलीकडे वळतो, दुसरा यवतमाळमार्गे नागपूरकडे जातो. गाड्या थांबतात त्या खिचडीसाठी. पण याच हिंगोली जिल्ह्यात नामदेवांचं नरसी आहे, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेला गळा दिला तो नामदेवांच्या कीर्तनानेच. म्हणून हा आढावा इथून.

फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात छापलं गेलं, ते ओवीत. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा उपासनाविधी, लॅटिनमध्ये आणि ख्रिस्ताची गोष्ट मराठीत, अशी ती विभागणी होती. पुढे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव सांगळे हातात चिपळ्या घेऊन ख्रिस्ती कीर्तनाला उभे राहिले. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी तर मंडळीचं गाणंच बदललं. इंग्रजी चालींवर ओढून बसवलेल्या गीतांच्या जागी अभंग आणि पदं आली. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. मिशनच्या चौकटीत हे बसणारं नव्हतंच.

केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात 1905 साली शेकडो बायका-मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. कॅथलिकांची वेदी मराठी बोलू लागली ती मात्र 1963 च्या व्हॅटिकन परिषदेच्या निर्णयानंतर.

इथवरचं सगळं गळ्याचं झालं. ख्रिस्ती उपासनेत वचनाइतकंच महत्त्व प्रभुभोजनाला आहे: एक भाकर, एक प्याला. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात खरी कसोटी लागली ती इथे. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. मिशनऱ्यांकडे गेलेला त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला कोर्टाने वडिलांच्या हवाली केलं, तरी जातीने त्याला परत घ्यावं की नाही यावर मोठा वाद पेटला. मिशनऱ्यांबरोबर जेवल्याचा दोष त्याच्या माथी होता. नारायणराव मात्र पुढे मराठवाड्यात आले आणि निजामाच्या मुलखात, जालन्याजवळ, त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. तिथल्या मंडळीत मांग-महार समाजातली माणसं होती. ब्राह्मणाघरी जन्मलेल्या पाळकाने त्यांच्यासह प्रभुभोजनाला बसणं हे त्या काळी कुठल्याही प्रवचनापेक्षा मोठं होतं.

बायबलही याच बाजूने बोलतं. अन्याय चालू ठेवून गायलेली गीतं देवाला नकोशी होतात, असं आमोस संदेष्टा बजावतो. वेदीपाशी आलास आणि भावाशी बिनसल्याचं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट कर, असं येशू सांगतो.

आज मंडळीत कीबोर्ड, ड्रम आले, गीतांचे शब्द पडद्यावर दिसतात. त्यावर नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. माझी तक्रार दुसरी आहे. प्याला एक झाला, पण सोयरिक जुळवताना पूर्वाश्रमीची जात अजूनही विचारली जाते. गाणं आपण लवकर बदललं, घर बदलायला फार वेळ लावतो आहोत.

दिवाळीपाठोपाठ नाताळ येईल. जवळपास ख्रिस्ती कीर्तन असेल तर वाचकांनी, कुठल्याही धर्माचे असोत, जरूर जाऊन बसावं. आणि मंडळीच्या पुढाऱ्यांनी यंदा नाताळाच्या पंगतीला कोणाला बोलावलं नाही, ती यादी आधी तपासावी.