पूरनियोजनाचा पाया गावातच

कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर पोहोचली की 'इशारा पातळी' आणि ४३ फुटांवर पोहोचली की 'धोका पातळी' गाठली असे मानतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी हेच आकडे अनुक्रमे ४० आणि ४५ फूट आहेत. ऑगस्ट २०१९च्या महापुरात दोन्ही ठिकाणी पाणी ५५ फुटांच्याही वर चढले, नदीकाठच्या गावांना वेढा पडला आणि पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिल्याने बाहेरून येणाऱ्या मदतीची मुख्य वाटच अडली. अशा वेळी सुरुवातीचे निर्णायक तास गावाला स्वतःच्या बळावर निभवावे लागतात, म्हणूनच लोकसहभागातून केलेल्या पूर्वतयारीला मोल आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष त्याचे सहअध्यक्ष असतात आणि जिल्ह्याच्या आराखड्याचा दरवर्षी आढावा घेणे बंधनकारक असते. तथापि, कोणत्या पातळीला कोणत्या गल्लीत पाणी शिरते, कोणता ओढा आधी फुगून रस्ता तोडतो आणि कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, याची नेमकी माहिती गावकऱ्यांकडेच असते. बंधाऱ्यावरील फुटांचा आकडा या माहितीशी जोडला, म्हणजे अमुक पातळीला अमुक वस्ती हलवायची हे ग्रामसभेत आधीच ठरवले, तर इशाऱ्याला कृतीचे रूप येते. धरणांतील विसर्ग, म्हणजे सोडलेले पाणी, खालच्या गावांपर्यंत पोहोचण्यास काही तास लागतात आणि नियोजन झालेले असेल तरच त्या अवधीचा उपयोग होतो.

स्थलांतरातील सर्वांत मोठी अडचण बहुधा जनावरांची असते. ज्या कुटुंबाचा संसार दुधावर चालतो, ते गोठा सोडून निघण्यास शेवटपर्यंत तयार नसते; त्यामुळे निवारा केंद्राजवळ जनावरांसाठी उंचवट्याची जागा, चारा आणि पाणी यांची सोय नसेल तर माणसांचे स्थलांतरही लांबते. उशीर झाला की बोटीवाचून पर्याय उरत नाही आणि तो मार्ग किती जोखमीचा असतो, हे सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ गावात ८ ऑगस्ट २०१९ रोजी बोट उलटून झालेल्या जीवितहानीने दाखवून दिले. बोटीची क्षमता, जीवरक्षक जॅकेट आणि प्रशिक्षित चालक यांची तपासणी उन्हाळ्यातच होणे आवश्यक आहे.

गावाचा आराखडा तयार होऊन कपाटात पडून राहणे, त्यातील दूरध्वनी क्रमांक जुने होणे आणि तो ठरवताना भूमिहीन, वृद्ध, अपंग व स्त्रिया यांना विचारलेच न जाणे, ही या कामातील खरी आव्हाने आहेत. वास्तविक सर्वांत आधी पाणी शिरते ते पुष्कळदा यांच्याच सखल वस्तीत. त्यामुळे मे महिन्यात ग्रामसभेत आराखड्याचे जाहीर वाचन, प्रत्येक वस्तीसाठी नेमलेली दोन जबाबदार माणसे आणि वर्षातून एकदा प्रत्यक्ष रंगीत तालीम एवढे तरी प्रत्येक पूरग्रस्त गावात घडले पाहिजे. २०२१मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या याच खोऱ्यात पुन्हा महापूर आला, हे पाहता ही तयारी पुढे ढकलण्यास आता वाव नाही.