सरळ तारेतील ‘कक्षा’ : एका पारिभाषिक संज्ञेचा विचार

पदार्थविज्ञानाच्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी पनवेल येथे प्रस्तुत लेखकास विचारले, “तार सरळ आहे, इलेक्ट्रॉन तीतून सरळ धावतो, मग ‘परिवलन-कक्षा युग्मन’ या संज्ञेत कक्षा कोठून आली?” लेखकाचा विषय भाषाशास्त्र. परंतु प्रश्न शब्दाचा असल्याने तो टाळणे प्रशस्त वाटले नाही.

आधी ‘परिवलन’ घेऊ. शालेय भूगोलात पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यास हाच शब्द आहे, आणि घोटाळा तेथेच होतो. १९२५ मध्ये ऊलेनबेक व गाउडस्मिट यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा लोरेन्ट्स यांनी दाखवून दिले की, इलेक्ट्रॉन खरोखरच भोवऱ्यासारखा फिरत असेल तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाहूनही अधिक मानावा लागेल. सारांश, फिरणे गेले आणि शब्द उरला. इलेक्ट्रॉनाच्या ठायी कोनीय संवेग आहे, तो सूक्ष्म चुंबकाप्रमाणे वागतो, आणि कोणत्याही दिशेने मोजल्यास दोनच मूल्ये मिळतात, एवढाच आज त्याचा अर्थ. ‘तेल’ हा शब्द तिळावरून आला, तरी करडईच्या तेलात आपण तीळ शोधीत नाही. आपल्या शास्त्रकारांनी यौगिक आणि रूढ असा जो भेद केला, त्यातील हा रूढ शब्द होय.

‘कक्षा’ हा शब्द अणूतून आला. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन रेषा आढळतात, त्या याच युग्मनामुळे. विद्युत्क्षेत्रातून धावणाऱ्या इलेक्ट्रॉनास, त्याच्या स्वतःच्या दृष्टीने पाहता, चुंबकीय क्षेत्राचा अनुभव येतो व ते त्याच्या परिवलनाची दिशा वळविते. अणूत ते विद्युत्क्षेत्र केंद्रकाचे असते. अर्धवाहकाच्या तारेत रचनेच्या विषमतेमुळेही असे क्षेत्र उत्पन्न होते. त्याचा हा परिणाम १९६० च्या सुमारास रश्बा यांनी विशद केला, म्हणून त्यांचे नाव त्यास मिळाले.

तारेतील वर्तनाचे मर्म मात्र निराळेच आहे, आणि ते समजण्यास पनवेलचाच दृष्टान्त उपयोगी पडतो. हे गाव एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले होते. गाडी हळू हाका की जोरात, पनवेलहून कर्नाळ्यापर्यंत चाकाचे फेरे तेवढेच होतात. गाडी त्याच वाटेने मागे ढकलीत आणली तर ते सर्व उलगडतात. तारेतील परिवलनाचेही असेच आहे. इलेक्ट्रॉन वेगाने धावला तर त्यास जाणवणारे क्षेत्र त्या प्रमाणात वाढते, परंतु अंतर तोडण्यास लागणारा काळही त्याच प्रमाणात घटतो. म्हणून दिशा किती अंशांनी वळली, हे वेगावर नव्हे, तर कापलेल्या अंतरावर ठरते. इलेक्ट्रॉन आदळून मागे फिरला तर क्षेत्र उलटे होते आणि वळण उलगडत जाते. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र नसावे आणि तार पुरेशी अरुंद असावी, एवढी अट. रुंद पत्र्यात इलेक्ट्रॉन प्रत्येक धडकेनंतर वेगळ्याच दिशेस जातो, वळण्याचा अक्ष पालटतो आणि मूळ दिशेची स्मृती लवकरच पुसली जाते. अरुंद तारेत अक्ष एकच राहतो. इंडियम आर्सेनाइडच्या तारेत हे वळण काही शे नॅनोमीटर अंतरातच लक्षात येण्याजोगे होते.

सुप्रियो दत्ता व विश्वजित दास यांनी १९९० मध्ये सुचविलेला ट्रान्झिस्टर याच वळणावर आधारलेला आहे. वरून विद्युत्दाब देऊन युग्मनाचे बळ बदलावे, म्हणजे तेवढ्याच अंतरात वळण कमीअधिक होऊन प्रवाह अडेल किंवा वाहील, अशी ती योजना. कागदावर ती सुबक दिसते. लोहचुंबकातून अर्धवाहकात परिवलनाची दिशा न बिघडविता इलेक्ट्रॉन उतरविणे हेच मोठे कठीण ठरले. अशा तारा आपल्यापासून फार दूर आहेत असेही नाही. पनवेलहून लोकलने मुंबई गाठावी आणि पुढे कुलाब्यास जावे. तेथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत इंडियम आर्सेनाइडच्या तारांवर संशोधन झालेले आहे.

हे सर्व ध्यानात घेऊन लेखकाने ‘परिवलन-गती युग्मन’ अशी संज्ञा सुचविली. विद्यार्थ्याचा प्रश्न सुटला, असे वाटले. परंतु पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या एका सहाध्यापकांनी ती खोडून काढली. त्यांचे म्हणणे असे : निव्वळ गतीमुळे निर्वातात होणारा हा परिणाम इतका क्षीण असतो की, तारेत आढळणाऱ्या बळाचा उलगडा त्यातून होत नाही. ते बळ येते इंडियमसारख्या जड अणूंकडून. सरळ धावणारा इलेक्ट्रॉन अणूअणूपाशी त्यांच्या केंद्रकांजवळून जातो, आणि त्या अणूंच्या कक्षांचे गुण त्याच्या तरंगात मुरलेले असतात. कक्षा तारेच्या आकारात दिसत नाही. ती अणूत दडलेली आहे.

करडईच्या तेलात तीळ नसतो. येथे मात्र तो थोडा शिल्लक निघाला. लेखकाने आपली सूचना मागे घेतली, आणि विद्यार्थ्यास पुन्हा बोलाविले.