स्वस्ताईचे दुखणे

मंडळी, महागाईचे गाऱ्हाणे आपण रोज ऐकतो. तेव्हा कुणी येऊन सांगितले की सगळ्याच वस्तूंचे भाव उतरू लागले, तर तोंडून पहिला शब्द निघेल तो ‘बरे झाले!’ हाच. पण जरा थांबा. स्वस्ताई दोन तऱ्हेची असते. विहिरीला पाणी लागले, बियाणे सुधारले, माल भरपूर पिकला आणि म्हणून भाव थोडे उतरले, ही एक तऱ्हा. तीत पिकवणारा आणि खाणारा, दोघेही तग धरतात. दुसरी तऱ्हा निराळी. बाजारात माल आहे, लोकांना त्याची गरजही आहे; पण गाठीला पैसा नाही, म्हणून भाव पडतात आणि वर्षामागून वर्ष पडतच राहतात. अर्थशास्त्रात हिला चलनघट म्हणतात. ही स्वस्ताई नव्हे, दुखणे आहे.

हे दुखणे आपल्या विदर्भाने एकदा चांगलेच भोगले आहे. 1914 सालचे भाव 100 धरले, तर कलकत्त्याच्या घाऊक बाजारात 1929 साली ते 141 होते. 1933 साली ते 87 वर आले. कापसावर जगणाऱ्या वऱ्हाड-नागपूरच्या मुलखाला याची झळ फार लागली. असे का झाले, ते क्रमाने पाहू.

पहिले कारण परदेशातले. 1929 च्या अखेरीस अमेरिकेत शेअरबाजार कोसळला, गिरण्या थंडावल्या, आणि जगभर कच्च्या मालाची मागणी आटली. आपला कापूस जगाच्या भावाशी बांधलेला. तिकडे भाव पडला की तो इकडच्या जिनापर्यंत पोचायला फार दिवस लागत नाहीत.

दुसरे कारण घरचेच, म्हणजे त्या वेळच्या इंग्रज सरकारचे. 1927 च्या कायद्याने रुपयाची किंमत 1 शिलिंग 6 पेन्स ठरवण्यात आली. 1 शिलिंग 4 पेन्स हा दर ठेवावा, अशी इथल्या पुष्कळ व्यापाऱ्यांची मागणी होती. गुरुजींनी हे गणित फळ्यावर जरूर घालावे. पौंडाचे 20 शिलिंग, शिलिंगाचे 12 पेन्स, म्हणजे पौंडाचे 240 पेन्स. रुपयाला 16 पेन्स असते, तर विलायतेत एका पौंडाला विकलेल्या कापसाचे इथे 15 रुपये आले असते. 18 पेन्स ठरल्यामुळे आले 13 रुपये 5 आणे 4 पै. माल तोच, गिऱ्हाईक तेच. पदरात मात्र नववा हिस्सा कमी. मंदी आल्यावरही सरकारने हा दर सोडला नाही. उलट तो टिकवण्यासाठी चलन आखडून धरले. आधीच तहानलेल्या बैलापुढचे पाणी काढून घ्यावे, तसा हा प्रकार.

तिसरे कारण सगळ्यांत वाईट, कारण ते दुखणे वाढवते. ते म्हणजे कर्ज. समजा, ज्वारी 5 रुपये मण असताना एकाने 100 रुपये काढले. ते फेडायला 20 मण ज्वारी पुरे. भाव अडीच रुपयांवर आला की त्याच 100 रुपयांना 40 मण लागतात. सावकाराच्या वहीत आकडा बदललेला नाही, पण कर्ज दुप्पट झाले! शेतसाऱ्याचेही तेच. मग शेतकरी काय करतो? जास्त माल बाजारात ओततो. सगळ्यांनीच ओतला की भाव आणखी पडतो. कारखानदार पाळी बंद करून उत्पादन आवरू शकतो. शेतकरी पेरलेले रान कसे बंद करणार? म्हणून शेतीप्रधान, विकसनशील देशाला चलनघट अधिक बोचते. त्यातच सावकार हात आखडतो, आणि उरलासुरला पैसाही फिरेनासा होतो. 1931 नंतर खेड्यापाड्यांतले सोने, अंगावरच्या दागिन्यांसकट, मोडले गेले आणि मुंबई बंदरातून परदेशी गेले. मध्यप्रांतात तर 1933 साली कर्ज-तडजोडीचा कायदा करावा लागला; धनको-ऋणकोंना मंडळापुढे बसवून रक्कम कमी करून घेतल्याशिवाय फेड होणे शक्यच नव्हते.

पुढच्या काळातही याची चुणूक दिसली आहे. 2015 साली देशाचा घाऊक भावांचा निर्देशांक वर्षभर आदल्या वर्षाच्या खाली होता. त्याचे मोठे कारण जगात पडलेले खनिज तेलाचे भाव; किरकोळ बाजारात मात्र महागाई चालूच होती. म्हणून एकाच आकड्यावरून निदान करू नये. नोव्हेंबर 2016 मध्ये 500 आणि 1000 च्या नोटा रद्द झाल्या. किमतीच्या हिशेबाने चलनातल्या नोटांपैकी त्या सुमारे 86 टक्के होत्या. आमच्या नंदनवनापासून कळमन्याचा बाजार फार लांब नाही. घेणाऱ्याच्या हाती रोकड नसली की नाशवंत मालाचे काय होते, हे तिथल्या कुणाही अडत्याला विचारावे.

मग उपाय काय? पडत्या भावाला आधार देणारा हमीभाव आणि त्या भावाने होणारी प्रत्यक्ष खरेदी. कठीण काळात सरकारने हात न आखडता कामे काढणे. आणि चलनावर जागता पहारा. 2016 साली रिझर्व्ह बँकेला भाववाढीचे 4 टक्क्यांचे लक्ष्य नेमून दिले, तेव्हा 6 टक्क्यांची वरची मर्यादा घातली तशी 2 टक्क्यांची खालचीही घातली. भाव मुळीच वाढू नयेत, असे का म्हटले नाही? याचे उत्तर 1929 नंतरच्या त्या चार वर्षांत आहे.

तेव्हा यापुढे भाव उतरल्याची बातमी ऐकाल, तर लगेच हसू नका अन् लगेच रडूही नका. इतकेच विचारा: माल वाढला म्हणून भाव उतरला, की घेणाऱ्याची गाठ रिकामी झाली म्हणून? पहिले असेल तर आनंद आहे. दुसरे असेल, तर आज ज्याच्या घरात स्वस्त धान्य आले, त्याच्या मजुरीवरही उद्या तीच पाळी यायची आहे.