गळणारा ‘अ’, परतणारा ‘ए’

हनुवटीखाली तळहात ठेवा आणि सावकाश ‘विसरून’ म्हणा. जबडा दोनदाच खाली येतो: विस्-रून. आता ‘विसरलो’ म्हणा. तीनदा: वि-सर्-लो. धातू एकच, ‘विसर’. पण पहिल्या रूपात ‘स’मधला ‘अ’ गळाला, दुसऱ्यात टिकला. लिहिताना मात्र दोन्हीकडे ‘स’ पूर्णच.

असे का? मराठीत मधला ‘अ’ गळतो तो बहुधा पुढच्या व्यंजनाला स्वराचा आधार असेल तेव्हा. ‘विसरून’मध्ये ‘र’ला ‘ऊ’ आहे, त्यामुळे ‘अ’ गेला तरी अडत नाही. ‘विसरलो’मध्ये ‘र’चा ‘अ’ आधीच गळतो. ‘स’चाही गेला तर स्, र्, ल् ही तीन व्यंजने एकमेकांवर आदळतील. म्हणून तो राहतो. हिंदीतल्या अशाच नियमाची काटेकोर मांडणी भाषाशास्त्रज्ञ मंजरी ओहाला यांनी १९८३च्या ग्रंथात केली आहे.

फ्रेंच क्रियापदांतही हाच खेळ चालतो. ‘हाक मारणे’ हे क्रियापद लिहिलेले दिसते तीन स्वरांचे, उच्चार मात्र ‘आप्ले’. मधला स्वर गळतो. ‘तो हाक मारतो’ म्हणताना शेवटचा प्रत्यय मुका होतो, आधार जातो आणि गळालेला स्वर ‘ए’ होऊन परततो: ‘आपेल’. तसेच ‘विकत घेणे’ म्हणजे ‘आश्ते’ आणि ‘तो विकत घेतो’चे ‘आशेत’. फ्रेंच लेखन हा बदल दाखवते: पहिल्यात ‘ल’चे द्वित्व, दुसऱ्यात स्वरावर तिरकी खूण. १९९०च्या लेखनसुधारणेने अशा बहुतेक क्रियापदांना खुणेची वाट दिली. ‘हाक मारणे’ आणि ‘फेकणे’ यांची घराणी द्वित्वावरच राहिली.

वसईजवळच्या राजोडीच्या किनारपट्टीवरच्या मुलांना फ्रेंचमधला हा बदल अवघड जाण्याचे कारण नाही. या पट्ट्यात प्रमाण मराठीबरोबर सामवेदी, वाडवळी या बोली कानावर पडतात. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५च्या सातव्या खंडात या बोलींची नोंद आहे. एकाच क्रियापदाची निरनिराळी रूपे ऐकायची इथल्या कानांना सवय आहे.

म्हणूनच फ्रेंच शिकवताना रूपांचे तक्ते घोकून घेण्याआधी मुलांना ‘विसरून-विसरलो’, ‘समजून-समजलो’ मोठ्याने म्हणायला लावावे. नियम त्यांच्या जिभेवर आहेच, तो फक्त ओळखायचा आहे. मराठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकालाही हेच शिकवावे लागते. नाहीतर तो ‘वि-स-रू-न’ असे अक्षर अक्षर वाचतो. आपल्या बोलण्यातले हे शास्त्र शाळेच्या व्याकरणात यायलाच हवे.